डांगाणाच्या उंबऱ्यावरचं राजूर

अकोले गावाहून निघालेली एसटी विठ्याचा घाट चढली की हवाच पालटते. मागे बाजरी राहते, पुढे भाताची खाचरं लागतात. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, अकोल्याला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी पुष्कळ. या दोन पावसांच्या मधोमध आमचं राजूर. पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे डांगाण. तिथल्या माणसाला मीठ, मिरची, कापड हवं आणि खालच्या माणसाला तांदूळ, हिरडा हवा. गाव मोठं झालं ते या देवाणघेवाणीवर.

आमचं किराणा दुकान, त्यामुळे इतिहास मला तराजूतूनच दिसतो. डोक्यावर हिरड्याचं गाठोडं घेऊन डोंगर उतरलेली बाई संध्याकाळी गूळ-मीठ बांधून परत जायची. भाव आम्ही ठरवायचा, वजन आम्ही करायचं आणि वहीत आकडा आम्हीच मांडायचा. वाचता येणारा माणूस गल्ल्यावरच बसलेला असायचा. यातून काय व्हायचं ते झालंच.

राजूरजवळच्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी १८४४-४५च्या सुमारास महादेव कोळ्यांना गोळा करून इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्यांच्या माणसांनी सावकारांनाही सोडलं नाही. वह्या जाळल्या, नाकं कापली. आमच्या पेशातली मंडळी हा भाग सांगताना अजून खाकरतात. मला विचाराल तर त्या रागाला कारण होतं. इंग्रजांना सारा रोखीत हवा होता, रोकड सावकाराकडे होती आणि जमीन त्याच्याकडे गहाण पडत होती. राघोजी पुढे पंढरपुरात पकडले गेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं.

सरकार पुन्हा आलं ते पाण्यासाठी. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवायचं काम १९१०मध्ये सुरू झालं. २७० फूट उंचीच्या दगडी भिंतीचं उद्घाटन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी १० डिसेंबर १९२६ रोजी केलं. भिंतीला त्यांचं नाव आणि जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरचं. त्या पाण्यावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, १९५०मध्ये लोणीत सहकारी साखर कारखाना निघाला. ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडतो, त्या डांगाणातल्या बाया मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन झरे शोधत राहिल्या. पुढे निळवंडे धरण झालं, त्याचं पाणी राजूरच्या शिवाराजवळ येऊन थांबलं, पण तेही निघालं खालच्याच शेतांकडे. आता गावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, शाळा आणि कॉलेज आहे. डोंगरातली पोरं शिकून इथेच साहेब होऊन बसतात, ही गोष्ट मला धरणापेक्षा मोठी वाटते.

डांगाणाची खरी कमाई बघायची तर राजूरच्या प्रदर्शनात डांगी जनावरं बघावीत. हा बैल दिवसभर मुसळधार पावसात चिखलणी ओढतो. कातडीतून तेलकट पाझर सुटतो, पाणी अंगावरून निथळून जातं. पाठीवर हात फिरवला तर तळव्याला तो ओशटपणा लागतो. खूर काळे, गारगोटीसारखे टणक. काळ्या अंगावर थोडे पांढरे ठिपके असले तर बहाळा, पांढऱ्या अंगावर काळे असले तर पारा कबरा. जाणकार शेतकरी आधी खूर बघतो, मग कातडी चिमटीत धरतो आणि किंमत शेवटी विचारतो. ट्रॅक्टर आले तरी उतारावरच्या चिंचोळ्या खाचरांत अजून बैलच लागतो.

काजवे बघायला भंडारदऱ्याला येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: चहा पिऊन लगेच गाडीत बसू नका. बाजारच्या दिवशी या आणि वरईचे तांदूळ, हातसडीचा तांदूळ विकायला बसलेल्या बायांकडून घ्या. भावात घासाघीस करू नका. ती आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ केली आहे.