जैनाबादची कबर, आखाजीचा झोका आणि लॉकरची चावी

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी दोन प्रश्न निघतात. बायकोला, बहिणीला, सुनेला, नातीला काय द्यायचं? आणि सगळे जमल्यावर फिरायला कुठे न्यायचं? प्रश्न घरगुती वाटतो, पण आपल्या बुऱ्हाणपुरात याला फार जुना इतिहास आहे. तोच आज लिहितो. जरा लांबेल, सवडीने वाचा.

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला ताजमहालाची गोष्ट सांगतो. मुमताज गेली ती आग्र्याला नव्हे, आपल्या गावात. खानजहान लोदीचं बंड मोडायला आणि दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान मार्च 1630 मध्ये बुऱ्हाणपुरात येऊन बसला, तो 1632 पर्यंत इथेच होता. बेगम बरोबर होती. 17 जून 1631 ला चौदाव्या बाळंतपणात ती इथे वारली. वय अडतीस. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, तिला तात्पुरतं पुरलं. डिसेंबरात शाहजादा शुजा तिचा देह घेऊन आग्र्याकडे निघाला. पुढे काय उभं राहिलं ते जगाला ठाऊक आहे.

लोक ताजला प्रेमाची भेट म्हणतात. मी कॉमर्सचा माणूस, जन्म बँकेत गेला, म्हणून माझी नजर हिशेबाकडे जाते. 1628 मध्ये गादीवर बसल्यावर शाहजहानने बेगमेला 2 लाख अशरफ्या आणि 6 लाख रुपये दिले, शिवाय वर्षाला 10 लाखांची नेमणूक बांधून दिली. तो पैसा तिच्या नावावर होता. ती गेल्यावर तिची मालमत्ता एक कोटीच्या वर भरली. त्यातला अर्धा वाटा थोरली मुलगी जहानआरा हिला मिळाला, उरलेला बाकीच्या मुलांत वाटला गेला. म्हणजे जिवंतपणी दिलेलं आईचं होतं आणि आईनंतर त्याचा मोठा हिस्सा लेकीकडे गेला. ताजमहाल मात्र तिने पाहिलाच नाही.

आणखी एक गोष्ट आपण पाहुण्यांना सांगत नाही. त्याच दोन वर्षांत आपल्या भागात भयंकर दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला होता. वाटेत पाहिलेले उपासमारीचे हाल त्याने लिहून ठेवले आहेत. बादशहाने गावात अन्नछत्रं उघडली. दर सोमवारी 5 हजार रुपये वाटले, असे वीस आठवडे, एकूण 1 लाख. बेगमेच्या वर्षाच्या नेमणुकीचा हा दहावा हिस्सा. आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ कळतं.

आता भेटवस्तूंकडे येऊ. स्त्रियांना द्यायच्या वस्तूंवर हे गाव शतकानुशतकं जगलं आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा द्यायचा, ती एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत केसासारखी तार करायची, ती चपटी करून रेशमावर गुंडाळायची. हेच कलाबतू. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. इथलं तलम कापड, सोन्याचांदीच्या तारांचे काठ असलेल्या ओढण्या इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातात, असं त्याने लिहिलं आहे. म्हणजे पोलंडातल्या कुणा बाईच्या अंगावर आपल्या गावची जर असे. ती जर ओढणाऱ्याच्या घरात बायकोच्या वाट्याला काय येत असेल, ते तुम्ही समजून घ्या.

1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे, आणि 1860 मध्ये बुऱ्हाणपूर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. सरकार कुणाचंही असो, आपल्या मराठी घरांचे सोयरसंबंध रावेर, सावदा, भुसावळ, जळगावकडेच राहिले. म्हणून आपल्या बायकांची खरी सहल बादशाही नव्हती, खान्देशी होती. ती म्हणजे आखाजी. अक्षय तृतीया.

जुन्या मंडळींना आठवत असेल. आखाजीच्या आधी भाऊ बहिणीला आणायला तिच्या सासरी जाई. लेक माहेरी आली की चार दिवस तिने चुलीपुढे बसायचं नाही. निंबाच्या झाडाला झोका, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. पुरुष मंडळी पत्ते कुटत बसायची, ते वेगळं! बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापली गेली. आखाजी आणि माहेर म्हणजे काय, हे त्यांनी जितकं सांगितलं तितकं कुणीच सांगितलं नाही. आखाजीची देणगी म्हणजे वस्तू नव्हती. वर्षातले चार दिवस बाईचे स्वतःचे, ही ती देणगी.

आजच्या सहली बघा. सगळे म्हणतात, चला असीरगडावर, चला कुंडी भंडाऱ्याला. पहाटे चारला उठून दशम्या, चटणी, बटाट्याची भाजी करतं कोण? डबे भरतं कोण, परत आल्यावर घासतं कोण? घरची बाई गडावर जाऊनही स्वयंपाकघरातच असते. आमच्या लोधीपुऱ्यात बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे, बडी संगत गुरुद्वारा आहे. लांबलांबून कुटुंबं येतात. मुक्कामाची, जेवणाची सोय तिथेच असते, त्यामुळे बायका निवांत बसलेल्या दिसतात. हे शिकण्यासारखं आहे.

म्हणून माझी पद्धत सांगतो. आमच्याकडे सहलीचं ठिकाण घरच्या बायका ठरवतात आणि त्या दिवशी चूल बंद. गुडघे दुखणाऱ्यांना असीरगडाची चढण नको. त्यांच्यासाठी किल्ल्यातला शाही हमाम चांगला, छतावरची रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे. उन्हाळ्यात कुंडी भंडारा, लिफ्टने सुमारे 80 फूट खाली गेलं की गार वाटतं. 1615 चं काम, अजून पाणी वाहतं. पावसाळा सरता सरता महल गुलारा, उतावळी नदीवर समोरासमोर दोन महाल आणि मध्ये पाणी. येताना मावा जिलबी आणि दराबा. संध्याकाळी राजघाट. एवढं पुरे होतं.

आता वस्तूंचं. जानेवारी 1963 मध्ये सोने नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी झाली. आमच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच सुमारास होतं. चौदा कॅरेटचं सोनं अंगावर घालून लेक पाठवायला आई तयार नव्हती. तिने आपल्या हातातल्या पाटल्या काढल्या आणि जशाच्या तशा तिच्या हातात घातल्या. वडिलांना विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, त्या तिच्या माहेरच्या होत्या. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेतही आईचं स्त्रीधन आधी लेकीकडे जातं, त्यातही बिनलग्नाच्या लेकीकडे. आईने मिताक्षरा वाचली नव्हती, पण नियम तिला ठाऊक होता.

बँकेत मात्र मी उलटं फार पाहिलं. लॉकर नवऱ्याच्या नावावर, चावी सासूकडे, आणि आतलं सोनं सुनेचं. नवरा अचानक गेला की ती बाई काउंटरपाशी उभी राहायची. स्वतःच्याच बांगड्यांसाठी तिला वारसाचे कागद गोळा करत फिरावं लागे. नियमापुढे आमचा इलाज नसे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिचीच ठरवली. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन तिचंच, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. कायदा झाला, पण लॉकरवरचं नाव बदललं नाही.

तेव्हा या दिवाळीला दागिना घ्याल तर बिल तिच्या नावाने घ्या आणि तिच्याच हाती द्या. लॉकर दोघांच्या नावाने करा, कुणा एकालाही उघडता येईल असा, आणि नॉमिनेशन भरा. ही सोय 1985 पासून आहे, तरी निम्मे लोक तो रकाना कोरा सोडतात. 1994 च्या आयकर खात्याच्या सूचनेप्रमाणे झडतीत लग्न झालेल्या बाईचे 500 ग्रॅम, बिनलग्नाच्या मुलीचे 250 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. तरी बिलं जपून ठेवा. नात दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला मुलाला सांगा, 2015 पासून ही योजना आहे. साडी घ्यायची तर तिला दुकानात घेऊन जा आणि आपण बाकावर गप्प बसा. रंग तिला निवडू द्या.

माझी ती थोरली बहीण आता पंच्याऐंशीची आहे. पाटल्या तिने मागच्या वर्षी नातीला दिल्या. या भाऊबीजेला तिला काय हवं म्हणून मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "वस्तू नको रे भाऊ. गाडी घेऊन ये, चार दिवस माहेरी राहायचंय, आणि राजघाटावर न्यायचं." तारीख ठरली आहे. तुमच्या घरी आखाजीला लेकी कशा यायच्या, कुणाला आठवत असेल तर जरूर लिहा.