संमेलनाची वर्गणी

संगमनेरच्या महाविद्यालयाचे पुरे नाव एका दमात घेऊन दाखवणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. ‘संगमनेर नगरपालिका कला, डी. जे. मालपाणी वाणिज्य आणि बी. एन. सारडा विज्ञान महाविद्यालय’ असे ते नाव. महाविद्यालय निघाले १९६१ साली. नाव लांबलचक खरे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला असे नाव म्हणजे ताम्रपटच. दान कोणाचे आणि कशासाठी, सारे त्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपुरात महाविद्यालय काढले. त्यावर रावबहादूर नारायणराव बोरावके या बागाईतदारांचे नाव आहे. तिकडे लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि शिक्षणाला हात देणारा आणखी एक धनी जिल्ह्यात तयार झाला. तंबाखू, ऊस, नगरपालिकेची तिजोरी: आमच्या जिल्ह्यातले उच्च शिक्षण या तिन्हींच्या आधाराने उभे राहिले.

या मंडळींनी इमारती दिल्या. पण इमारतीत वर्षातून एकदा जे होते, ज्यासाठी निम्मी मुले खरोखर कॉलेजात येतात (प्राध्यापकांनी रागावू नये), त्या स्नेहसंमेलनाचा पैसा कोणाचा, हे कोणत्याही कोनशिलेवर कोरलेले नसते.

विद्यार्थ्यांनी आपले आपण काही उभारावे आणि मग धनिकांनी त्याला हात द्यावा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांनी आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. पुढच्याच वर्षी या मुलांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि शिकवायलाही तेच उभे राहिले, तेही बिनपगारी. नाना शंकरशेट आणि पारशी शेटजी मदतीला आले ते नंतर. आधी काम, मग पैसा, असा तो क्रम होता. पुढे कॉलेजे वाढली आणि क्रम उलटला. पैसा आधी गोळा होऊ लागला आणि त्याला कामे शोधणे आले.

नगरला कॉलेज आले ते १९४७ च्या जूनमध्ये. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते काढले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नगर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मधुकर तोरडमल याच कॉलेजात इंग्रजी शिकवीत. पुढे ते व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधून त्यांनी कॉलेजातल्या पोरांना आणि प्राध्यापकांना महाराष्ट्रभर फिरवले. त्या नाटकाला लोक का हसत, हे ज्याने एकदा तरी संमेलनाच्या समितीत काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

मी शिकलो ते जिल्ह्यातल्याच एका दुसऱ्या कॉलेजात. तिथली व्यवस्था अशी : प्रवेश घेताना फीबरोबर जिमखान्याची आणि संमेलनाची वर्गणी भरायची. फी माफ झालेल्या मुलालाही ती सुटत नसे. समितीचे अध्यक्ष प्राचार्य, उपाध्यक्ष एक प्राध्यापक, आणि जनरल सेक्रेटरी हा निवडून आलेला विद्यार्थी. सेक्रेटरीचा रुबाब मोठा, पण पैशाला त्याचा हात लागत नसे. उचल प्राध्यापकांच्या सहीने निघे आणि पावत्या आणून दिल्याखेरीज पुढची उचल नाही. मांडव, पडदे, रंगभूषा, लाउडस्पीकर एवढ्यातच वर्गणी आटोपे. मग स्मरणिका काढायची. तिच्या जाहिरातींसाठी आम्ही पेठेत दुकानोदुकानी हिंडत असू. कोणी पान घेई, कोणी पाव पान, कोणी चहा पाजून वाटेला लावी. तेवढ्यानेही भागले नाही, तर एखाद्या बड्या असामीला अध्यक्षस्थान द्यायचे. हा मार्ग सगळ्यांत सोपा. हाराचा खर्च तेवढा आपला.

पण या दोन पैशांत मोठा फरक होता. पाहुण्यांच्या देणगीचा हिशेब कोणी मागत नसे. वर्गणीचा मात्र पै-पैचा मागत. संमेलनानंतर आठवडाभर सेक्रेटरीला कट्ट्यावर बसण्याची चोरी होती. ‘दाढीमिशांना एवढे पैसे? खऱ्या लावल्या होत्या काय?’ असे प्रश्न येत. शेलापागोट्यांत त्याला सर्वांत बोचरे पागोटे मिळे, तेही बहुधा हिशेबावरूनच.

१९७२ चा दुष्काळ आला. नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. वसतिगृहातल्या कितीतरी मुलांच्या घरची माणसे खडी फोडायला जात होती. आमच्या समितीच्या सभेत सूचना आली, की यंदा संमेलन रद्द करावे आणि पैसे दुष्काळनिधीला द्यावेत. सूचना गावातल्या बऱ्या घरच्या मुलाची होती आणि मनापासून होती. टाळ्याही पडल्या. तेव्हा मागच्या बाकावरचा पाथर्डीकडचा एक मुलगा उठला. तो म्हणाला, “माझी आई खडी फोडती. त्यातली वर्गणी भरली मी. दुष्काळाचा पैसा दुष्काळाला देऊन तुम्ही दाते होणार, अन् मला नाटक बघायला मिळायचं नाही. हे काही खरं नाही.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग प्राचार्यांनी सांगितले, की जिमखान्याचा पैसा नियमाप्रमाणे असा बाहेर देताच येणार नाही. नियमाने त्या दिवशी आमची सुटका केली, असे मला तेव्हा वाटले. आज वाटते, की सुटका त्या मुलाने केली होती. संमेलन झाले. मांडव नाही, जेवण नाही, पाहुणे नाहीत. भर दुपारी हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून नाटक केले. दुष्काळासाठीचे पैसे आम्ही वेगळे जमवले, ज्याच्या त्याच्या खिशातून, आणि ते वसतिगृहाच्या खाणावळीत भरले. ज्यांची बिले थकली होती त्यांची नावे फक्त खानसाम्याला ठाऊक होती.

असा प्रश्न विचारायला सभा लागते, आणि सभेला निवडून आलेला कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. महाविद्यालयीन निवडणुकांत पुढे मारामाऱ्या शिरल्या. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थ्याचा खूनही झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या. वर्गात ज्याला सर्वाधिक गुण तो वर्गप्रतिनिधी, काही जण प्राचार्यांनी नेमलेले, आणि त्यांच्यातूनच सचिव. रक्तपात थांबला हे चांगलेच झाले. पण पहिल्या आलेल्या मुलाला कट्ट्यावर अडवून हिशेब कोण विचारणार? त्याने मते मागितलीच नव्हती. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये घ्यायच्या ठरलेल्या निवडणुका मात्र विधानसभेच्या धामधुमीत मागे पडल्या.

मधल्या काळात मांडवाच्या कमानीवर प्रायोजकांची नावे चढली. मोटारसायकलचे दुकान, क्लासवाले, पतपेढी. मला त्यांचा राग नाही. जाहिरातीचे पान मागायला आम्हीही हिंडलोच की. पण गेल्या काही वर्षांत परीक्षक म्हणून मी जिल्ह्यातल्या ज्या ज्या संमेलनांना गेलो, तिथे तिथे संध्याकाळी मुलांना एकच विचारतो : वर्गणी किती भरली होती रे तुम्ही? मुले एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी मोबाईलमध्ये फीची पावती शोधू लागतो.