भिंत कोणाची, नाव कोणाचे?

चित्रकलेवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. त्याला कुंचल्याशी काय करावयाचे? परंतु आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले, आणि तेथला पहिला धडा असा, की ज्याचे नाव नोंदीत नाही त्याचे कामही नाही.

आपल्या सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. कार्ड सासूच्या नावाचे असते. वळणारे हात मात्र सासू, सून आणि लेक अशा तिघींचे. वीस वर्षांनी सून निवृत्तिवेतनाची चौकशी करावयास येते, तेव्हा तिच्या श्रमांचा कागदावर मागमूस नसतो. अशा सुनांची कैफियत मांडता मांडता आमचे केस पिकले. चित्रांच्या दुनियेत डोकावलो, तो तेथेही हीच कैफियत!

डहाणू-तलासरीकडील वारली समाज पाहा. लग्नघरची भिंत सारवून तीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, हा मान परंपरेने सवाष्णींचा. त्या चौकात पालघट देवी बसते. पिढ्यान्‌पिढ्या ही कला स्त्रियांच्या बोटांनी जगविली. पुढे 1970 नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर गेले. चित्र भिंतीवरून कागदावर आले, आणि कागदाला किंमत आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला देशोदेशी नेली. 2011 मध्ये ते पद्मश्री झाले. त्यांची प्रतिभा थोर होती, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या सवाष्णींनी ही लिपी त्यांच्यापर्यंत पोहोचविली, त्यांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकू?

याचे कारण कोणा एकाच्या दुष्टाव्यात शोधू नये. भिंतीवरचे चित्र धुराने काळवंडते, त्यावर सही नसते. कागद गाडीत बसून मुंबईला जातो, पण त्याच्याबरोबर जावयाचे कोणी? चूल, पाणी आणि लेकरे सोडून बाई निघणार कशी? शिवाय ती आदिवासी. म्हणजे एक दार जातीने बंद, दुसरे घराने.

बरे, शिकलेल्या शहरात तरी काय झाले? 1947 मध्ये मुंबईस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. संस्थापक सहा, त्यांत आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते, स्त्री एकही नव्हती. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांनी जे. जे. मध्ये सुवर्णपदक मिळविले, 1953 मध्ये या मंडळींबरोबर चित्रेही मांडली. पुढे त्या वेशभूषेकडे वळल्या, आणि भानू अथय्या या नावाने 1983 मध्ये ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांची वेशभूषा जगाने पाहिली. त्या मुळात चित्रकार, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही.

हा रोग आपल्यापुरता नाही. न्यूयॉर्कच्या फेथ रिंगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्त्रीस गोऱ्यांच्या कलादालनांत थारा मिळणे कठीण होते. 1970 मध्ये त्या आणि त्यांच्या मैत्रिणी व्हिटनी संग्रहालयावर चालून गेल्या. मागणी साधी : प्रदर्शनात निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्यांत कृष्णवर्णीय हव्यात. निम्म्या काही मिळाल्या नाहीत. परंतु त्या वर्षीच्या प्रदर्शनात बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोघी कृष्णवर्णीय कलावतींना जागा मिळाली. मागितल्यावाचून मिळत नाही, हे आम्हांस गिरणीच्या दारात कळले. त्यांना संग्रहालयाच्या दारात कळले. याच रिंगोल्डबाईंनी 1980 मध्ये आपल्या शिंपीकाम करणाऱ्या आईबरोबर पहिली वाकळ शिवली. पुढे त्यांच्या वाकळा मोठमोठ्या संग्रहालयांनी घेतल्या.

वाकळ तर आपल्याही घरी आहे! जुन्या लुगड्यांची, आजीने किंवा आईने टाके घातलेली. तिला कला म्हणावे, असे आपल्या मनात कधी आले नाही. तेव्हा सभा संपल्यावर आपण घरी जाल, तेव्हा एवढे करा. ती वाकळ उलगडा. जिने ती शिवली तिचे नाव, गाव आणि आठवत असेल तर साल एका चिंधीवर लिहा, आणि ती चिंधी आतल्या बाजूस टाचा. आणि या शहरात पुढचे प्रदर्शन भरेल, तेव्हा वस्तूंखाली करणारणीचे नाव लिहिले आहे काय, विक्रीचे पैसे तिच्याच हाती पडतात काय, हे आयोजकांना विचारावयास विसरू नका. आमच्या कचेरीत सून येते तेव्हा वीस वर्षे निघून गेलेली असतात. येथे तरी उशीर नको.