अल्पभूधारक शेतकरी, जनावरांचे आजार आणि झाडपाला : महाराष्ट्रातील एका दुर्लक्षित ज्ञानपरंपरेचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासात जमीनमहसूल, सावकारी, दुष्काळ व सिंचन यांचा विस्तृत अभ्यास झालेला आहे. त्या मानाने शेतकऱ्याच्या गोठ्याकडे इतिहासकारांचे लक्ष अभावानेच गेले. वास्तविक दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हे सर्वांत मोठे भांडवल होते. पेरणीच्या तोंडावर जोडीतील एक बैल बसला, तर दुसऱ्याचाही उपयोग संपे. मग सावडीने कोणाचा बैल मिळतो का, हे पाहण्यावाचून गत्यंतर नसे. अशा शेतकऱ्याने आजारी जनावरावर काय उपचार केले आणि त्या उपचारांकडे शास्त्राने व राज्यसंस्थेने कसे पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथांतील घोडा आणि शेतातील बैल

भारतात पशुवैद्यकाची ग्रंथपरंपरा प्राचीन आहे, हे विधान वारंवार केले जाते व ते खरेही आहे. परंतु या ग्रंथांतील रुग्ण कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शालिहोत्राची परंपरा अश्ववैद्यकाची आहे. नकुलाच्या नावावरील ग्रंथही घोड्यांविषयीच आहे. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ हत्तींसाठी आहे. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा एक अध्याय आढळतो, तथापि एकूण भर राजाच्या सैन्यातील प्राण्यांवर आहे. नांगराला जुंपलेल्या बैलाचे वैद्यक बव्हंशी ग्रंथाबाहेरच राहिले.

ते कोणाजवळ होते? गुराखी, धनगर, गवळी, गावातील एखादा जाणता वृद्ध आणि घरातील स्त्रिया यांच्याजवळ. मृत जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर जातीने लादले होते, त्या महार समाजाने रोगाने मेलेल्या जनावराची आतडी, फुप्फुसे व यकृत जितक्या वेळा पाहिली असतील, तितक्या वेळा दुसऱ्या कोणी पाहिली नसतील. या निरीक्षणाला ‘ज्ञान’ मानण्याची गावाची तयारी नव्हती. 1927 च्या महाड परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीमुळे हे काम सोडण्याचा निर्धार बळावला, तो सर्वथा योग्यच होता. ज्ञानाच्या हानीबद्दल हळहळणाऱ्यांनी ते ज्ञान कोणत्या किमतीत मिळत होते, हे विसरू नये.

उपचारांचे स्वरूप

गोठ्यातील औषधांचा मोठा भाग स्वयंपाकघरातूनच येत असे. ओला चारा अधिक खाऊन पोट फुगल्यास हिंग, सुंठ व ओवा गोडेतेलात कालवून बांबूच्या नळीने पाजत. यातील तेलाचे कार्य महत्त्वाचे आहे : फेसाळ पोटफुगीत वायूचे बुडबुडे तेलामुळे फुटतात व वायू बाहेर पडण्यास वाट मिळते. आधुनिक पशुवैद्यकही या प्रसंगी तेलाचा वापर करते. हगवणीवर बाभळीची, डाळिंबाची किंवा कुड्याची साल उकळून देत. या सालींतील तुरट द्रव्ये आतड्याचा स्राव आटोक्यात आणतात. जखमेत अळ्या पडल्यास सीताफळाच्या पाल्याचा रस, खरजेवर करंजाचे तेल, मोडलेल्या पायाला कांडवेलीचा लेप व वरून बांबूच्या कामट्या, वार अडकल्यास बांबूचा पाला असे उपचार सर्वत्र परिचित होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणीही याच संदर्भात पाहावी लागते. पावसाळी मशागतीत जुवाने सोललेल्या खांद्याला शेकून हळद व तूप अथवा तेल चोळणे हा विधी आहे, तसाच तो उपचारही आहे. सणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक बैलाचा खांदा धन्याच्या हाताखालून जाई.

मात्रा मात्र कागदावर उतरणारी नव्हती. मूठभर पाला, बोटाच्या पेराएवढी मुळी, चिमूटभर हिंग ही मापे हाताची होती. ती चुकल्यास अपायही होई. तंबाखूचे पाणी उवा मारते, पण जनावराने ते चाटले तर विषबाधा होते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास इजा करते. लंगडण्यावर बिब्ब्याच्या तेलाचा चटका देत, त्यात सांध्यापेक्षा कातडीच अधिक भाजे. घटसर्प आणि फऱ्या या रोगांवर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची प्रथा तर निरुपयोगी व क्रूर होती.

बुळकांडी आणि वसाहतकालीन पशुवैद्यक

या परंपरेची खरी हार बुळकांडीपुढे झाली. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय गुरेसाथ आयोगाने 1871 च्या अहवालात या रोगाचे गांभीर्य नोंदवले. गावात बुळकांडी शिरली की झाडपाला हतबल होई आणि देवीचा गाडा शिवेपार नेणे एवढेच उरे. 1889 मध्ये पुणे येथे इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. 1893 मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. तेथेच एडवर्ड्स यांनी 1920 च्या दशकात शेळ्यांमधून विषाणू सौम्य करून लस सिद्ध केली. 1954 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेनंतर 1995 मध्ये देशातील अखेरचा प्रादुर्भाव नोंदला गेला आणि 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. हे यश नि:संशय लसीचे आहे.

परंतु येथे एक तर्कदोष घडला. साथीच्या रोगापुढे निष्प्रभ ठरलेली पद्धत नित्याच्या दुखण्यांवरही निष्प्रभच असणार, असे गृहीत धरले गेले. बैलाची पोटफुगी वा गायीची हगवण घेऊन 1886 मध्ये परळला सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत कोणता शेतकरी जाणार होता? दुसरीकडे 1878 च्या वनकायद्याने रान राखीव झाले. गुरचरणी वनखात्याने घेतल्याची महात्मा फुले यांची ‘शेतकऱ्याचा असूड’मधील तक्रार चाऱ्याविषयीची आहे. मात्र कुड्याची साल व करंजाच्या बियाही त्याच रानातून येत होत्या, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पुनर्विचाराचा काळ

1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे ग्रामीण भागात विस्तारले. पुढे संकरित गाय आली. तिच्याबरोबर कासदाह वाढला व प्रतिजैविकांचा खर्चही वाढला. या पार्श्वभूमीवर 1992 मध्ये पशुवैद्यक स्त्रियांनी सुरू केलेल्या ‘अंतरा’ या संस्थेने महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील पशुपालकांचे उपचार नोंदवले. नोव्हेंबर 1997 मध्ये ‘बायफ’ने पुण्यात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. कोरफड, हळद व चुना यांचा कासेवर लावण्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अलीकडे ठरावीक प्रमाणात प्रचारात आणला आहे : 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना. हाताचे माप अशा रीतीने ग्रॅममध्ये आले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर लोकजैवविविधता नोंदवह्यांतूनही अशी माहिती टिपली जाऊ लागली. मात्र नोंदींत वनस्पतीचे नाव ठळक असते आणि ते सांगणाऱ्या बाईचे नाव बहुधा नसते.

2022 मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. त्याच वेळी विड्याची पाने, मिरी, मीठ व गूळ एकत्र वाटून आजारी जनावरास चारण्याचा सल्लाही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडून दिला जात होता. लस दवाखान्यातून आली. मिरी-मीठ घरातील मिसळणाच्या डब्यातून निघाले.