सुरांना आसरा देणारे घर

सणाच्या निमित्ताने परगावचा गायकवृंद आपल्या धर्मग्रामात येतो, तेव्हा त्याच्या गाण्याची वाखाणणी पुढे कित्येक दिवस चालू राहते. ती मंडळी रात्री कोणाच्या ओसरीवर झोपली, पहाटे त्यांना चहा कोणी करून दिला, याची नोंद मात्र कोणीच ठेवीत नाही. संगीताच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. गायकांची चरित्रे लिहिली गेली, त्यांना अंथरूण देणारी घरे विस्मृतीत गेली. अशाच एका घराची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेल नावाच्या गावी, सनफ्लॉवर नदीकाठी ते उभे आहे. त्याचे नाव रिव्हरसाइड हॉटेल.

क्लार्क्सडेलच्या भोवती कापसाची शेते दूरवर पसरली आहेत. त्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या दुःखातून आणि विनोदबुद्धीतून जे गाणे जन्मले, त्याला ब्लूज म्हणतात. हे गाणे गोऱ्यांनाही आवडे. परंतु गाणाऱ्याला त्यांच्या खाणावळीत ताट नसे आणि त्यांच्या हॉटेलात खाट नसे. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद कायद्यानेच पाळला जाई. ड्यूक एलिंग्टनसारखा कीर्तिमान संगीतकारदेखील 1930च्या दशकात दक्षिणेच्या दौऱ्यावर निघताना आपल्या वादकांच्या निजण्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घेई. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कमधील एका पोस्टमनने 1936 सालापासून एक मार्गदर्शिकाच काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावी कोठे निवारा मिळेल, याची यादी तीत असे. ज्या देशात गावकुसाबाहेरच्या माणसासाठी पाणवठेही बंद होते, त्या देशातील वाचकाला याहून अधिक स्पष्टीकरण नको.

आमच्या मुंबईशीही त्या काळाचा एक धागा जुळलेला आहे. 1935 साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजविण्यासाठी आला. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही तेथे वाजवू लागला. फ्रँक फर्नांडसारख्या गोमंतकीय वादकाने त्याच्यासोबत वाजवून जाझचे धडे घेतले. मायदेशी हॉटेलांची दारे ज्यांच्यासाठी बंद होती, ते कलावंत सातासमुद्रापलीकडे एका बड्या हॉटेलाची शोभा वाढवीत होते!

रिव्हरसाइडची इमारत मुळात हॉटेल नव्हती. कृष्णवर्णीयांसाठी चालणारे ते जी. टी. थॉमस रुग्णालय होते. 26 सप्टेंबर 1937 रोजी भल्या पहाटे बेसी स्मिथ ही विख्यात गायिका मेम्फिसहून मोटारीने दक्षिणेकडे जात असताना महामार्ग क्रमांक 61वर तिच्या मोटारीची मालमोटारीशी टक्कर झाली. तिचा उजवा हात जवळजवळ तुटला होता. योगायोगाने त्याच रस्त्याने आलेल्या ह्यू स्मिथ या गोऱ्या डॉक्टरांनी रस्त्यावरच तिच्यावर उपचार सुरू केले. तेथून तिला थॉमस रुग्णालयात आणण्यात आले. हात कापावा लागला. पण तिचे प्राण वाचले नाहीत.

थोड्याच दिवसांत एक वार्ता पसरली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने बेसीला दारातून परत पाठविले आणि म्हणून ती दगावली, असे लोक म्हणू लागले. एका संगीतविषयक नियतकालिकाने त्याच वर्षी तसा संशय छापला. 1960 साली रंगभूमीवर आलेल्या एडवर्ड ऑल्बी यांच्या नाटकाने ही समजूत जगभर नेली. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या बेसीच्या चरित्रात ख्रिस ॲल्बर्टसन यांनी डॉक्टर स्मिथ यांच्या साक्षीच्या आधारे ती खोडून काढली. बेसीला कोणी परत पाठविले नव्हते, कारण तिला गोऱ्यांच्या रुग्णालयाकडे नेलेच नव्हते. कृष्णवर्णीय रुग्णाला तिकडे न्यावे, हा विचारही त्या प्रदेशात कोणाच्या मनात येत नसे. आम्हांला तर दंतकथेपेक्षा हे सत्यच अधिक भेदक वाटते. दंतकथेत निदान कोणी तरी दार ठोठावते.

1944 साली या इमारतीचे भाग्य पालटले. श्रीमती झी. एल. हिल या कृष्णवर्णीय महिलेने तेथे हॉटेल सुरू केले. रुग्णांच्या खोल्यांत प्रवासी निजू लागले. खोल्या लहान, स्नानगृहे सामाईक; थाटमाट असा काहीच नव्हता. परंतु रात्रीचा कार्यक्रम आटोपून, वाद्ये सांभाळीत आलेल्या वादकाला येथे दाराशी उभे राहून कोणाची मनधरणी करावी लागत नसे. सनी बॉय विल्यमसन आणि रॉबर्ट नाइटहॉक यांच्यासाठी तर हे बिऱ्हाडच होते. तरुण आइक टर्नर येथेच राहत असे. 1951 साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या आणि पुढे रॉक अँड रोलच्या आद्य गीतांपैकी एक मानल्या गेलेल्या ‘रॉकेट 88’ या गीताची तालीम याच घरात झाली.

1964 सालच्या नागरी हक्क कायद्याने देशातील सर्व हॉटेलांची दारे सर्वांना खुली केली. त्यानंतरही हे घर चालू राहिले, हे विशेष. श्रीमती हिल यांच्या पश्चात त्यांचे पुत्र फ्रँक रॅटलिफ यांनी 2013 साली मृत्यू येईपर्यंत ते सांभाळले. दूरदेशीचे संगीतप्रेमी येथे एक रात्र काढण्यासाठी येत आणि बेसीच्या स्मरणार्थ राखलेल्या खोलीसमोर मूकपणे उभे राहत. 1991 साली अमेरिकेच्या पहिल्या कॅथलिक राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, धाकटे जॉन केनेडी, येथे मुक्कामाला आले होते. नागरी हक्कांच्या ज्या विधेयकाची मागणी पित्याने 1963 साली देशापुढे मांडली, त्या विधेयकाला कारण झालेल्या काळाची ही वास्तू. तिच्या एका साध्या खाटेवर पुत्र निजला.

2020 सालच्या वादळात इमारतीची मोठी हानी झाली आणि पाहुण्यांचे येणे थांबले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील वारसा-जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने नष्ट होऊ घातलेल्या अकरा वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला.

जाता जाता बेसीविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. फिलाडेल्फियाजवळील तिच्या थडग्यावर तेहेतीस वर्षे नावाचा दगडही नव्हता. 1970 साली तो बसला, तेव्हा त्याचा खर्च दोन स्त्रियांनी वाटून घेतला. एक होती जॅनिस जॉप्लिन ही प्रसिद्ध गायिका. दुसरी जुआनिता ग्रीन; तिने लहानपणी बेसीच्या घरी घरकाम केले होते. जिच्या घरची जमीन पुसली, तिच्या थडग्यावर नाव असावे, असे तिला वाटले. पुढच्या सणाला परगावचे गायक आपल्याकडे मुक्कामाला येतील, तेव्हा त्यांच्यासाठी अंथरूण घालताना या घराची आठवण व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.