जुने व्हिडिओ गेम खरोखरच सरस होते का? #थ्रेड

१/
व्हिडिओ गेमची चर्चा कोठेही सुरू झाली की थोड्याच वेळात एक वाक्य हमखास ऐकू येते : “जुन्या गेमची सर आताच्या गेमना नाही.” मारिओ, काँट्रा, पॅक-मॅन, टेट्रिस ही नावे साक्षीला काढली जातात. विधान वरवर आवडीनिवडीचे वाटले तरी ते भूतकाळाविषयीचे आहे. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने त्यास तीन प्रश्न विचारावेत. पुरावा कोणता? तो कोणी निवडला? आणि जे उरले नाही, त्याचे काय?

२/
यादवकाळातील दगडी देवळे आज उभी आहेत. त्याच गावांतील कुडाची आणि मातीची घरे मात्र कधीच नाहीशी झाली. एवढ्यावरून त्या काळी सगळे लोक दगडातच बांधत असत, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. जुन्या गेमबाबत नेमका हाच निष्कर्ष सर्रास काढला जातो. काळाच्या चाळणीतून वर उरलेले पाचपंचवीस खेळ एका बाजूला आणि आजच्या बाजारातला न चाळलेला सगळा ढीग दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना असते. ती न्याय्य करायची तर त्या काळचा ढीगही पाहावा लागतो.

३/
हा ढीग पाहण्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या अमेरिकेत जावे लागते. अटारी कंपनीचे घरगुती यंत्र १९७७ साली बाजारात आले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याची कार्यस्मृती होती अवघी १२८ बाइट. संगणकाच्या आजच्या प्रचलित पद्धतीने साठवली तर देवनागरीतील जेमतेम ४२ चिन्हे तीत मावतील. यंत्र तुफान खपले. मग ज्याला त्याला या धंद्यात उतरावेसे वाटू लागले आणि दुकाने गेमच्या कार्ट्रिजनी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ‘कॅसेट’ म्हणत त्यांनी, भरून गेली.

४/
त्यांपैकी पुष्कळ कॅसेट निकृष्ट होत्या. पॅक-मॅन हा नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांवरचा अत्यंत लोकप्रिय खेळ. १९८२ साली त्याची घरगुती आवृत्ती निघाली, तेव्हा तीतील भुते सतत लुकलुकत असल्याने ग्राहक हिरमुसले. त्याच वर्षी ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम नाताळच्या आत दुकानांत पोहोचावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ याला तो सुमारे पाच आठवड्यांत रचावा लागला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील हा सगळा बाजार कोसळला. न खपलेला माल इतका साचला की अटारीने त्यातील काही न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत नेऊन पुरला.

५/
या पुरलेल्या मालाची कथा तीस वर्षे दंतकथा म्हणून सांगितली जात होती. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे पुरातत्त्वज्ञांच्या उपस्थितीत उत्खनन झाले आणि कॅसेट खरोखरच निघाल्या. सुमारे १३०० नग बाहेर काढण्यात आले. त्यांत ‘ई.टी.’ तर होताच, पण ‘सेंटिपीड’सारखे नावाजलेले खेळही होते. म्हणजे हा खड्डा केवळ टाकाऊ खेळांची कबर नव्हता. धंदा बुडतो तेव्हा चांगलेवाईट सारेच एका खड्ड्यात जाते, याचा तो पुरावा होता.

६/
निंटेंडो या जपानी कंपनीने १९८५ साली आपले घरगुती यंत्र अमेरिकेत आणले ते हा धडा घेऊनच. तिच्या यंत्रात एक कुलूपवजा चिप होती. परवान्याशिवाय बनवलेली कॅसेट त्यावर चालत नसे. बाहेरच्या प्रकाशकांना वर्षाला साधारण पाचच गेम काढण्याची मुभा होती. मारिओच्या ज्या जमान्याला आज सुवर्णकाळ म्हटले जाते, तो असा कडक पहाऱ्यात वाढला. कंपनीची मक्तेदारी त्यातूनच बळकट झाली आणि तिच्यावर टीकाही झाली. चाळणी केवळ काळाने लावली नव्हती; कंपनीनेही लावली होती.

७/
आता जुन्या खेळांच्या बाजूने बोलणारा सर्वांत सबळ पुरावा. साधनांच्या टंचाईतून त्यांत विलक्षण काटकसर आणि कल्पकता आली. तोमोहिरो निशिकादो याने १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पडद्यावरचे शत्रू मरत गेले की चितारायची चित्रे कमी होत, प्रोसेसरवरचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने धावू लागत. निशिकादोने हा वेग तसाच राहू दिला. खेळाचा सारा थरार यंत्राच्या एका उणिवेतून जन्मला.

८/
‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. त्यातील ढग आणि झुडपे यांची आकृती एकच असून फक्त रंग वेगळा आहे. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह याने टेट्रिस रचला तो चित्रे दाखवूच न शकणाऱ्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर; ठोकळ्यांच्या जागी त्याने कंसाची चिन्हे वापरली. अशा खेळांत अनावश्यक असे काही उरतच नाही. त्यांच्या टिकाऊपणाचे हे खरे कारण आहे.

९/
तरीही ही टंचाई दरवेळी वरदान ठरली नाही. पॅक-मॅनमध्ये लेव्हलची मोजणी आठ बिटांत साठवलेली असल्याने २५६ व्या लेव्हलला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाताच येत नाही. अशी चूक आज आढळली तर आठवडाभरात दुरुस्ती येईल. त्या काळी यंत्र कारखान्याबाहेर पडले की चूकही कायमची होई. “पूर्वी गेम पूर्ण करूनच विकत” हे म्हणणे अर्धसत्य आहे. सुधारण्याचा मार्गच नव्हता, हे त्याचे दुसरे अर्धे.

१०/
“जुने गेम अवघड होते, म्हणूनच अस्सल होते” हाही आवडता युक्तिवाद. हा अवघडपणा कोठून आला? आर्केड यंत्राचा मालक नाण्यांवर जगे. खेळाडू तीन मिनिटांत हरला तर दुसरे नाणे पडे. घरगुती गेममध्ये वेगळे कारण होते. अमेरिकेत कॅसेट भाड्याने मिळत. दोन दिवसांत संपणारा गेम कोण विकत घेणार? डिस्नेच्या ‘द लायन किंग’ (१९९४) या खेळाच्या आरंभीच्या लेव्हल याच कारणाने कठीण केल्याचे तो बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितले आहे. जी कलेची शिस्त वाटते, तिच्यामागे पुष्कळदा गल्ल्याचा हिशेब होता.

११/
हा अवघडपणा बनवणाऱ्यांनाही जड जाई. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो याला १९८६ साली ‘ग्रेडियस’च्या घरगुती आवृत्तीची चाचणी घेताना तो खेळ पार करता येईना. म्हणून त्याने बटणांचा एक गुप्त क्रम घातला : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. हाच क्रम पुढे काँट्रामध्ये आला आणि त्याने ३० लाइफ मिळू लागल्या. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीला हा क्रम आजही पाढ्यासारखा पाठ आहे.

१२/
काँट्रा आपल्याकडे आला तो मूळ यंत्रासोबत क्वचितच. १९९० च्या दशकात शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले ते निंटेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला असलेले संच. त्यांसोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. आत मोजकेच खेळ नावे आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. म्हणजे मराठी घरांतील ‘जुने गेम’ ही आठवण दुहेरी चाळणीतून आली आहे. आधी जागतिक बाजाराने निवड केली, मग नक्कल करणाऱ्याने त्यातले सर्वांत हुकमी खेळ उचलले. वाईट खेळ वाट्याला आलेच नाहीत. मग ते आठवणार कोठून?

१३/
आता आजचा ढीग. त्यात दोष उघड आहेत. ‘सायबरपंक २०७७’ इतक्या सदोष अवस्थेत निघाला की डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून हटवला. पुढील जूनपर्यंत तो तेथे परतला नव्हता. आत काय निघेल हे न कळता पैसे मोजून उघडायच्या ‘लूट बॉक्स’ला बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली जुगार ठरवले. मात्र ‘आणखी एक नाणे टाक’ म्हणणारे आर्केड यंत्र आणि ‘आणखी एक पेटी उघड’ म्हणणारा फोन ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. लोभ नवा नाही. नाणे मोजण्याचे साधन नवे आहे.

१४/
आजच्या जमेच्या बाजूही मोजल्या पाहिजेत. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा जुन्या वळणाचा अत्यंत कठीण खेळ, पण ज्याला झेपत नाही त्याला वेग कमी करण्याची सोय त्यात आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये (२०२०) अंध, कर्णबधिर आणि हातांच्या हालचाली मर्यादित असलेल्या खेळाडूंसाठी साठाहून अधिक सोयी दिल्या आहेत. १९८५ साली या लोकांचा विचार क्वचितच होई. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवलेला ‘राजी’ २०२० साली जगभर विकला गेला. नकली कॅसेटच्या काळात पुण्यातून हे घडणे अशक्यप्राय होते.

१५/
तर मग निकाल काय? गुणवत्तेच्या बाबतीत कोणतेही एक दशक दुसऱ्याहून सरस ठरवावे इतका पुरावा नाही. प्रत्येक काळात थोडे सोने आणि पुष्कळ माती निघाली. परंतु एका बाबतीत जुना गेम नि:संशय वरचढ आहे, आणि नेमक्या त्याच गोष्टीकडे त्याचे चाहतेही फारसे लक्ष देत नाहीत. ती म्हणजे, जुना गेम ही वस्तू होती. १९८५ ची कॅसेट आज यंत्रात घातली, तर कोणाचीही परवानगी न घेता खेळ सुरू होतो.

१६/
आजच्या अनेक खेळांविषयी असे म्हणता येत नाही. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचा सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क निरुपयोगी झाली. एकट्याने खेळायचा भागही चालेना. ‘पी.टी.’ हा भयखेळ २०१४ साली आला आणि पुढल्याच वर्षी ऑनलाइन दुकानातून काढून टाकला गेला. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि पहिल्या टाळेबंदीत लाखो मुलांनी रात्री जागवलेला खेळ काही आठवड्यांत बंद पडला. वर्षभराने आला तो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रूपात. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. इतिहासाच्या दृष्टीने एवढे पुरे की मूळ साधन भारतातील खेळाडूंच्या हाती राहिले नाही.

१७/
जुने खेळही पूर्ण सुरक्षित नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. कंपन्यांनी आपले दप्तर नीट जपले असेही नाही. ‘किंगडम हार्ट्स’ (२००२) नव्या रूपात काढायची वेळ आली, तेव्हा मूळ सामग्रीच हरवलेली निघाली आणि बरेच काही नव्याने घडवावे लागले.

१८/
मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतील रुमाल सोडवत होते, तेव्हा त्यांच्यामागे ना सरकार होते ना मोठी संस्था. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो या एकांड्या खटपटीतून. गेमच्या बाबतीत हेच काम हौशी लोक करत आले आहेत. जुन्या आर्केड यंत्रांचे वर्तन आजच्या संगणकावर हुबेहूब उभे करणारा ‘मेम’ हा एम्युलेटर १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने सुरू केला. कायद्याच्या कडेकडेने का होईना, असे प्रयत्न झाले म्हणून हजारो खेळ आज पाहता येतात.

१९/
फरक इतकाच की राजवाड्यांना कागद सापडण्याची आशा होती. सर्व्हरवर जगणाऱ्या खेळाचा कागदच कंपनीच्या तिजोरीत असतो आणि तिजोरी बंद झाली की माळ्यावर शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच विकलेला गेम बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवावा, अशी मागणी करणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा केला : ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर दुकानदाराने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

२०/
२०५० साली एखादा विद्यार्थी हाच प्रश्न पुन्हा घेईल. त्याच्यासमोर मारिओ असेल, टेट्रिस असेल, कदाचित ‘ई.टी.’सुद्धा असेल. २०२० च्या दशकातले असंख्य खेळ मात्र त्याला केवळ चित्रफितींतून आणि लोकांच्या आठवणींतून कळतील. जुने गेम सरस होते, असाच निष्कर्ष तो काढील आणि त्याच्या हाती असलेल्या पुराव्यापुरता तो बरोबरही असेल. तो चुकू नये असे वाटत असेल, तर त्याच्यासाठी ढीग आजच राखून ठेवावा लागेल, सोने आणि माती दोन्ही.