प्रश्नोत्तरी आणि समज : नगर जिल्ह्यातील कॅथोलिक बालकांच्या धर्मशिक्षणाची पूर्वपीठिका

नेवासे तालुक्यातील घोडेगावसारख्या गावी कॅथोलिक मुलाला प्रथम कम्युनियनसाठी तयार करावयाचे म्हणजे त्याच्याकडून प्रार्थना व प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावयाची, अशीच समजूत दीर्घकाळ रूढ होती. ही रीत नगरच्या मिशनने नव्याने घडविली नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीचे गोव्याच्या भाषेत केलेले रूपांतर 1622 मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, रायतूर येथे छापले गेले. त्याची रचना संवादरूप आहे. त्याच लेखकाने मोठ्यांसाठी मात्र ओवीबद्ध क्रिस्तपुराण (1616) रचले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रौढांसाठी कथा आणि बालकांसाठी व्याख्या, अशी ही वाटणी झाली. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते, त्याच्या परिसरात ओवीच मुलांच्या कानी अधिक परिचित असणार, हे वेगळे सांगावयास नको.

1876–78 च्या दुष्काळानंतर जर्मन भाषिक जेझुइटांनी केंदळच्या बाजूस कार्य आरंभिले. येथे प्रश्न निराळा होता. महार व मांग समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती होत होती. म्हणजे बाप आणि मुलगा दोघेही एकाच वेळी विद्यार्थी. शाळेत जाणारा मुलगा बापाच्या पुढे गेला तर आश्चर्य नव्हे. केंदळहून 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिकही वाचू शकणाऱ्यांच्याच उपयोगाचे होते. उरलेल्यांचा आधार म्हणजे गावचा मास्तर. शाळा आणि प्रार्थना दोन्ही त्याच्याकडे. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्री स्थानबद्ध झाले, तेव्हा या मास्तरांवरील भार वाढला असला पाहिजे.

याच सुमारास रोमहून आलेल्या एका आज्ञेने पाठांतराच्या पायालाच हात घातला. 8 ऑगस्ट 1910 च्या ‘क्वाम सिंग्युलारी’ या आदेशाने प्रथम कम्युनियन दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांपर्यंत लांबविण्याची प्रथा दोषास्पद ठरविली. सुमारे सात वर्षांचे वय पुरेसे आहे. संपूर्ण प्रश्नोत्तरी येणे आवश्यक नाही. ख्रिस्तप्रसादाची भाकर आणि नित्याची भाकर यांतील भेद मुलाला आपल्या कुवतीनुसार कळावा, एवढे बस. मुलाची समज ठरविण्याचा अधिकार मुख्यतः पिता आणि पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू यांना दिला गेला. परंतु ज्याला स्वतःला प्रश्नोत्तरी येत नाही, अशा पित्याने हा निर्णय कसा करावा? मला वाटते, येथेच नगरच्या खेड्यांत त्या आदेशाची खरी कसोटी होती; आणि पित्याची जागा व्यवहारात मास्तराने घेतली असावी.

शब्दांचाही परिणाम असतो. कोकणीत ‘साक्रामेंत’ हा शब्द आजही टिकून आहे. मराठीने ‘संस्कार’ पत्करला. सोळा संस्कारांच्या परिचयात वाढलेल्या शेजाऱ्याला तो चटकन कळतो, पण जन्मापासून घडत जाणारे काहीतरी असाच अर्थ त्यातून निघतो. सातव्या वर्षी स्वतः ‘मला कळले’ असे म्हणण्याची अपेक्षा त्यात येत नाही.